नवीन पोकलेन डिझेलचंच घ्यावं का हायड्रोजनची वाट बघावी? अनुभवी लोकांनी सांगा

माणदेशी_अर्थमूव्हर्स:

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातला. माझ्याकडं दोन बॅकहो आणि एक २० टनी पोकलेन आहे, पहिलं मशीन २०१२ ला जुनंच घेतलं होतं आणि त्याच्यावरच घर उभं राहिलं. कामं म्हणजे शेततळी, विहिरी, ताली टाकणं, मधे मधे रस्त्याची कामं. आता पोकलेन १४ हजार तासांच्या वर गेलंय, पंप एकदा झाला, इंजिनकाम एकदा झालं, आता बदलायची वेळ आली. बँकेत बोलणं झालंय, हप्ता बसतोय.

पण घरात वेगळाच विषय सुरू झाला. पोरगा डिप्लोमाला आहे मेकॅनिकलच्या, तो म्हणतो पप्पा आता डिझेलचं घेऊ नका, जेसीबीनं इंग्लंडात हायड्रोजनचं इंजिन काढलंय, टाटांचे हायड्रोजनचे ट्रक मुंबई-पुणे रोडवर चाचणीला आलेत, पाच वर्षांत डिझेल मशीनला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि तुम्ही हप्ते भरत बसाल. दुसरीकडं मेव्हणा म्हणतो बायोडिझेल टाक, लिटरमागं दहा-बारा रुपये वाचतात, त्याचे ट्रक त्याच्यावरच चालतात म्हणे.

माझा खर्च सांगतो म्हणजे अंदाज येईल. पोकलेन तासाला सरासरी १२ लिटर पितं, ब्रेकर लावला तर १४-१५. बॅकहो ५ च्या आसपास. दहा तास काम झालं तर एकट्या पोकलेनला १२० लिटर, ९० नं धरलं तरी १०,८०० रुपये रोजचे. भाड्याचे पैसे गिऱ्हाईक दोन-दोन महिन्यांनी देतो पण पंपावर रोख लागतात. त्यामुळं डिझेल सोडून खरंच काही असेल तर मला हवंय, हौस म्हणून विचारत नाही. तुमच्यापैकी कोणी यातलं जवळून बघितलंय का?

---

फिटर_कराडकर:

दादा राम राम. मी गेली २२ वर्षं हेच करतोय, शेतात जाऊन मशीन उघडणारा माणूस आहे मी. हायड्रोजनचं ज्याला कळतं तो सांगेल, मी आधी बायोडिझेलचं सांगतो कारण तिथं माणसं फसतात.

खरं बायोडिझेल वाईट नाही. पण ते टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या महिन्यात फिल्टरवर फिल्टर चोक होतात. पाणी पण ओढून घेतं, पावसाळ्यात मशीन पंधरा दिवस उभं राहिलं की टाकीच्या तळाला काळपट शेवाळासारखं साचतं. जुन्या मशीनचे रबरी पाइप, सील फुगतात. हे सगळं सांभाळता येतं, थोडं थोडं मिसळून सुरुवात केली आणि फिल्टर जवळ ठेवले तर. पण रस्त्याच्या कडेला बायोडिझेल बोर्ड लावून जे विकतात ते बऱ्याच ठिकाणी बायोडिझेल नसतंच, कसलंतरी सॉल्व्हंट नाहीतर बेस ऑइल मिसळलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाचं बॅकहो माझ्याकडं आलं, स्टार्टिंगला त्रास आणि पांढरा धूर. इंजेक्टर काढून बोटावर घेतलं तर डिझेलचा जो बुळबुळीतपणा असतो तो नव्हताच, हात कोरडा पडत होता रॉकेलसारखा. आत प्लंजरवर, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर, उभे ओरखडे, नख लावलं की अडकायचं. हाय प्रेशर पंप आणि चारी इंजेक्टर गेले. वर्षभरात जे वाचवलं त्याच्या तिप्पट एका बिलात गेलं. मेव्हण्याला विचार बिल देतात का आणि कुठल्या प्लांटचा माल आहे. बिल नसेल तर त्या वाटेला जाऊ नको.

आणि नवीन मशीन घेणार असशील तर ते स्टेज फाइव्हचं येणार, म्हणजे धुराचे नवीन नियम, १ जानेवारी २०२५ पासून लागलेत. त्याला सायलेन्सरमधी डीपीएफ असतो, काजळी धरणारा फिल्टर. खराब इंधन टाकलं की आधी तोच भरतो. जुन्या मशीननं जे पचवलं ते नवीन पचवत नाही हे लक्षात ठेव.

---

इंजिन_टेस्टिंग_पुणे:

मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, कंपनीचं नाव नको, पण गॅसवर चालणारी इंजिनं रोजच्या बघण्यातली आहेत. तुमच्या मुलाला आधी शाबासकी सांगा, त्यानं जे वाचलंय ते बरोबर आहे. फक्त त्यातला एक भाग त्याच्यापर्यंत आलेला नाही.

जेसीबीनं आधी २०२० मध्ये फ्युएल सेलवर चालणारं २० टनी पोकलेन दाखवलं होतं, म्हणजे बरोबर तुमच्या साइजचं. नंतर त्यांनी ती वाट सोडली आणि साधं पिस्टनवालं इंजिनच हायड्रोजनवर चालवायचं ठरवलं. त्यामागचं कारण आपल्या कामाचं आहे. फ्युएल सेल म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजनचा संयोग करून वीज बनवणारा संच, त्याला हवा एकदम स्वच्छ लागते, गार ठेवायला मोठा रेडिएटर लागतो आणि किंमत प्रचंड. खडी क्रशरच्या धुळीत, ४२ डिग्रीत, खडबडीत जमिनीवर तो टिकवायचा म्हणजे अवघड. इंजिन मात्र धुळीत राबायला शिकलेलंच आहे. म्हणून त्यांनी ४.८ लिटरच्या डिझेल इंजिनाच्याच घराण्यातलं हायड्रोजन इंजिन केलं, १०० दशलक्ष पौंडांचा प्रकल्प आणि १५० इंजिनिअर. जानेवारी २०२५ मध्ये त्याला ब्रिटनसह युरोपातल्या ११ परवाना संस्थांची मान्यता मिळाली. तेव्हा इंजिन होतं का, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. होतं.

आता खरी अडचण. हायड्रोजन १ किलो म्हणजे ऊर्जेत साधारण ३.३ लिटर डिझेल. तुमचं पोकलेन दिवसाला १२० लिटर पितं, म्हणजे ३६ किलो हायड्रोजन लागेल. ऐकायला थोडं वाटतं, पण हा वायू इतका हलका की ३५० बार दाबानं कोंबला तरी एका लिटरच्या जागेत २४ ग्रॅमच मावतो. म्हणजे ३६ किलोला १५०० लिटरची जागा, वर त्या सिलेंडरची जाड भिंत वेगळी. मशीनवर एवढी जागा नाही, म्हणजे दिवसातून दोनदा-तीनदा भरावं लागणार. गाडीच्या सीएनजीचा दाब २०० बार असतो, त्यावरून ३५० चा अंदाज करा.

आणि भाव. पाण्यातून विजेनं १ किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. ३६ किलोला धरा १९०० युनिट. ८ रुपये युनिटनं १५ हजारांवर नुसतं विजेचं बिल झालं, प्लांटचा खर्च, दाबानं भरायचा खर्च, वाहतूक अजून धरलेलीच नाही. तुमचं डिझेल १०,८०० चं. सोलरची स्वस्त वीज ४ रुपयांत मिळाली तर विजेचे ७,६०० होतात, म्हणजे गणित जुळायच्या जवळ येतं, पण फक्त जवळ. केंद्राचं नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं, ते हा भाव खाली आणण्यासाठीच आहे आणि मला मनापासून वाटतं की ते व्हायला पाहिजे. पण तुमचा हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे.

टाटांच्या ट्रकचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये १६ गाड्या चाचणीला निघाल्या, मुंबई, पुणे, सुरत, जमशेदपूर वगैरे ठरलेल्या मार्गांवर, २४ महिन्यांपर्यंत चालणार आहे ते. ठरलेल्या मार्गावर हे शब्द महत्त्वाचे आहेत. ट्रक फिरून त्याच पंपावर येतो. दक्षिण आफ्रिकेत मोगलाक्वेना प्लॅटिनम खाणीत २०२२ मध्ये २९० टन माल नेणारा डंपर हायड्रोजन आणि बॅटरीवर चालवून दाखवला, तिथंही तेच, डंपर संध्याकाळी त्याच आवारात येतो. तुमचं पोकलेन आज म्हसवडला, परवा दहिवडीच्या डोंगरात. ते पंपाकडं जाऊ शकत नाही, पंपाला त्याच्याकडं यावं लागतं.

---

फिटर_कराडकर:

साहेबांनी एकदम मुद्द्याचं सांगितलं. डिझेलचं खरं बळ त्या ३५ लिटरच्या कॅनमध्ये आहे. पिकअपमध्ये बॅरल टाकलं, ओढ्याच्या पलीकडं मशीन असलं तरी दोघं जण कॅन खांद्यावर घेऊन जातात, नरसाळ्यावर फडकं धरतात, ओततात, झालं. संध्याकाळी सात वाजता बॅटरीच्या उजेडात मी स्वतः ओतलंय कितीतरी वेळा. वायू असा खांद्यावर नेता येत नाही.

साहेब एक विचारतो, हायड्रोजनच्या इंजिनला ऑइलमध्ये पाणी होतं असं ऐकलं ते खरं का? आम्हाला पुढं हेच उघडायचंय.

---

इंजिन_टेस्टिंग_पुणे:

खरं आहे. हायड्रोजन जळला की पाण्याची वाफ होते, पिस्टनच्या रिंगमधून थोडी खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात जाते, इंजिन गरम नसेल तर ती तिथंच थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक काढली की ऑइल दुधी दिसतं, तुम्ही हेड गॅस्केट गेल्यावर बघता तसं. म्हणून ऑइल वेगळं लागतं आणि चेंबरमधली हवा सतत बाहेर काढावी लागते, नुसत्या वाफेसाठी नाही, तिथं हायड्रोजनही साठू शकतो म्हणून. स्पार्क प्लग येतो, डिझेलसारखं दाबावर पेटत नाही ते. आणि गळतीचं भान वेगळंच ठेवावं लागतं. डिझेल गळलं की डाग दिसतो, वास येतो. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसा डोळ्याला दिसत नाही, आणि हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही प्रमाणात असला तरी पेटतो. उघड्या रानात तो पटकन वर निघून जातो ही जमेची बाजू. पण बंद शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना असं मशीन उघडायचं नाही.

---

लीड्सहून_प्रशांत:

मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या इंग्लंडात लीड्सला एका बांधकाम ठेकेदाराकडं साइट इंजिनिअर आहे. इथलं सांगतो.

इथं हायड्रोजनचं मशीन मी प्रदर्शनात बघितलंय, चालवताना ऑपरेटरला काही फरक कळत नाही, आवाज थोडा वेगळा एवढंच. मशीनपर्यंत हायड्रोजन नेणारी भरायची गाडीही कंपनीनं दाखवली आहे, काही मिनिटांत भरून होतं. पण माझ्या साइटवर रोज काय चालतं विचाराल तर डिझेल आणि एचव्हीओ. एचव्हीओ म्हणजे वापरलेलं खाद्यतेल वगैरेवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं डिझेलच, बायोडिझेलपेक्षा वेगळं, पाणी धरत नाही, आहे त्या इंजिनात तसंच्या तसं ओतता येतं. डिझेलपेक्षा महाग पडतं पण मोठे ग्राहक टेंडरमध्येच मागतात. भारतात आपल्या पंपावर ते मिळत नाही, म्हणून तुमच्या आजच्या उपयोगाचं नाही, पण नाव लक्षात ठेवा. मशीन न बदलता इंधन बदलण्याचा मला तरी हाच सगळ्यात सरळ मार्ग वाटतो.

आणखी एक. इथं बांधकामाच्या मशीनना कमी कराचं लाल रंगाचं डिझेल मिळायचं, एप्रिल २०२२ पासून ते बंद झालं. एका रात्रीत इंधनाचा खर्च वाढला आणि तेव्हा कुठं ठेकेदारांनी मशीन उभं असताना किती जळतं ते मोजायला सुरुवात केली. आमच्या साइटवर पहिल्या महिन्याचा रिपोर्ट काढला तर पोकलेनचं इंजिन जेवढे तास चालू होतं त्यातले जवळजवळ एक तृतीयांश तास ते नुसतं उभं होतं. डंपरची वाट बघत, ऑपरेटर फोनवर बोलत, एसीसाठी चालू ठेवलेलं. तुमच्या पोकलेनचं असं काही मोजलंय का? त्याला हायड्रोजन लागत नाही.

ओस्लो शहरानं २०२५ पासून महापालिकेच्या बांधकामांवर धूर न सोडणारी मशीनच पाहिजेत असं केलंय, तिथं विजेची पोकलेन चालतात. पण तिथं वीज धरणांची आणि साइट शहरात, केबल ओढली की झालं.

---

साखरपट्टा_केमिस्ट:

विजेवरून आठवलं. विजेची अवजड मशीन आपल्याकडं नवीन नाहीत, सिंगरौलीच्या कोळसा खाणीतल्या अजस्र ड्रॅगलाइन, म्हणजे दोरावरच्या बकेटनं माती ओढणारी मशीन, विजेवरच चालतात आणि मुंबईत मेट्रो ३ चे बोगदे ज्या १७ टीबीएमनी (बोगदा खणणाऱ्या मशीननी) खणले त्या पण विजेवरच. जिथं मशीन जागचं हलत नाही किंवा केबल मागून येऊ शकते तिथं विजेला तोड नाही. तुमच्या पोकलेनचा हिशोब मी करून बघितला, १२ लिटर तासाला म्हणजे विजेवर साधारण ४५-५० युनिट तासाला, आठ तासांना ४०० युनिटच्या आत. ८ रुपयांनी ३,२०० रुपये. म्हणजे डिझेलच्या निम्म्याहून खाली! पण शेतातल्या फिडरला थ्री फेज येते ८ तास दिवसा नाहीतर १० तास रात्री, आणि एवढी बॅटरी ८ तासांत भरायची तर ५० किलोवॅट सलग पाहिजे. गावातला ६३ केव्हीएचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) एकट्या मशीननं खाल्ला, मोटारी कोण चालवणार? आणि मशीनची किंमत डिझेलच्या कितीतरी पट.

मी साखर कारखान्यात लॅबला आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. लोक इथेनॉलचं विचारतात. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं, २० टक्के झालंच, पण डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, थोडं पाणी लागलं की वेगळं होतं. शुद्ध इथेनॉलवर चालणारी बस २०१४ मध्ये नागपुरात आली होती, त्याला वेगळं इंजिन आणि इथेनॉलमध्ये पेटायला मदत करणारं ॲडिटिव्ह लागायचं. चालली, पण पसरली नाही. आता डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल, म्हणजे दुसऱ्या जातीचं अल्कोहोल, मिसळायचे प्रयोग चालू आहेत, ते इथेनॉलपेक्षा बरं मिसळतं, बघू.

मला स्वतःला जास्त आशा आहे ती सीबीजीची, म्हणजे प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीपासून) केलेल्या, दाबानं भरलेल्या बायोगॅसची. १०० टन प्रेसमडला साधारण ४ टन गॅस निघतो. रोज ५ हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात १७५ ते २०० टन प्रेसमड निघतं, म्हणजे ७-८ टन गॅस रोज, आणि १ किलो गॅस ऊर्जेत सव्वा लिटरहून जास्त डिझेल. हे आत्तापर्यंत आपण खत म्हणून शेतात टाकायचो, गॅस काढल्यावर उरतं ते खत म्हणून टाकता येतंच. गॅस कॅस्केडमध्ये, म्हणजे जोडलेल्या सिलेंडरच्या संचात, भरून टेम्पोवर नेतात. अडचण ही की कारखाना चालतो चार-पाच महिने, प्रेसमड साठवलं की त्यातला गॅसचा अंश कमी होत जातो, आणि तुमची कामं जोरात असतात उन्हाळ्यात. पण ज्या मशीन कारखान्याच्या आवारात आणि ऊसपट्ट्यातच फिरतात, लोडर, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्र, त्यांच्यासाठी मला हे हायड्रोजनच्या आधी येताना दिसतंय.

---

माणदेशी_अर्थमूव्हर्स:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पोराला सगळं वाचून दाखवलं, १५०० लिटरचा आकडा ऐकून तो गप्प बसला आणि मग वहीत स्वतः मांडून बघितला, बरोबर आला म्हणाला.

दोन प्रश्न राहिलेत. डिझेल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारं बॅकहो जेसीबीचं आहे म्हणतात, ते कसं? आणि प्रशांत भाऊंचं वाचून काल दिवसभर मी स्वतः साइटवर बसलो. ऑपरेटरला काही सांगितलं नाही. साडेनऊ तास इंजिन चालू, त्यातलं २ तास ४० मिनिटं बकेट जमिनीवर टेकवून मशीन नुसतं घुरघुरत होतं. दोन डंपर होते आणि खेप लांब होती, तिसरा डंपर असता तर ही वेळच आली नसती. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नाही याचं वाईट वाटतंय.

---

इंजिन_टेस्टिंग_पुणे:

हो, तसं बॅकहो आहे. त्यात डिझेल थोडं जातंच, ते पेटतं आणि गॅसला पेटवतं, म्हणून गॅस संपला तरी मशीन बंद पडत नाही, नुसत्या डिझेलवर चालू राहतं. गॅस पंप जवळ असेल आणि मशीन शहराच्या आसपास राबत असेल तर विचार करा. तुमच्या भागात मशीन ट्रेलरवर टाकून पंपावर न्यावं लागत असेल तर वाचलेलं सगळं ट्रेलरच्या भाड्यात जाईल. बाहेरून किट बसवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. दाबाच्या सिलेंडरला नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलेंडरच्या सुरक्षिततेच्या सरकारी संस्थेची, मान्यता लागते, ती नसेल तर विमा हात वर करतो.

पोकलेन डिझेलचंच घ्या. पाच वर्षांत त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही असं मला वाटत नाही, शेतात कॅननं भरता येणारं दुसरं काही येईपर्यंत तर नाहीच.

---

फिटर_कराडकर:

आणि घेताना ऑपरेटरला डीपीएफचं नीट शिकव. डॅशबोर्डवर रिजनचा दिवा लागला की आतली काजळी जाळायला मशीनला वेळ द्यायचा असतो, आपले गडी दिवा बघतात आणि किल्ली बंद करून घरी जातात. तीन-चारदा असं झालं की मशीनची ताकद कमी होते आणि मग लॅपटॉपवाल्याला बोलवावं लागतं. आणि उभं ठेवून घुरघुरवलं तरी काजळीच साठते, म्हणजे ते २ तास ४० मिनिटं नवीन मशीनला दुप्पट महाग पडणार.

पोरगा सुट्टीत असेल तर सोमवारी माझ्याकडं पाठव. एक चोक झालेला डीपीएफ उघडायचाय, बरोबर सीएनजीचा एक टेम्पो पण आलाय, दाबाची लाइन कशी सोडायची ते दाखवतो. येताना जुने कपडे घालून ये म्हणावं.

---

माणदेशी_अर्थमूव्हर्स:

पाठवतो दादा, सकाळच्या पहिल्या एसटीनं येईल. तिसऱ्या डंपरचं पण आजच बोललो, गुरुवारपासून येतोय.